नैरोबीत नव्याने येताय? आधी शिलिंगाचा माग काढायला शिका

नैरोबीला, म्हणजे केनियाच्या राजधानीत, बदली झालेल्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "महिन्याला खर्च किती येतो?" मी उलट विचारते, "कुणाचा?" पार्कलँड्समधल्या आमच्या इमारतीत दोन बेडरूमच्या घराचं जे भाडं आहे, तेवढ्यात फाटकावरच्या अस्कारीचे, म्हणजे वॉचमनचे, चार-साडेचार पगार निघतात. फाटकाबाहेर भाजी विकणारी बाई त्याच अस्कारीला दहा-वीस शिलिंगांचा (शिलिंग म्हणजे केनियाचं चलन) पाला बारीक चिरून कागदात बांधून देते. एकाच गल्लीत भेटणारी ही तीन माणसं आहेत, आणि तिघांचा खर्च विचारला तर तीन वेगवेगळ्या देशांतली उत्तरं मिळतील.

नवीन आलेले लोक पहिल्या आठवड्यात दोनपैकी एक मत बनवतात. वेस्टलँड्सचे मॉल पाहिले की "हे तर आपल्या पुढे गेले!" आणि किबेरा झोपडपट्टीचे पत्रे पाहिले की "बिचारे." दोन्ही मतं बाजूला ठेवा आणि खालच्या पायऱ्या चढा. मी इथे अकरा वर्षं हिशेब लिहायचं काम करते, त्यामुळे मला सवय पैशाच्या मागे मागे जायची. शिलिंग कुठून आला आणि कुठे गेला एवढं पाहिलं, तरी हा देश बराच कळतो.

पायरी पहिली: निघण्याआधी

पिवळ्या तापाची लस घ्या. केनियातून भारतात परतताना तिचं कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेऊ शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात, त्यामुळे आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. जानेवारी २०२४ पासून व्हिसाच्या जागी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी आली आहे. नोकरीसाठी येणाऱ्याचं वर्क परमिट मात्र वेगळं, आणि ते काढून देणं कंपनीचं काम. "आधी या, मग बघू" असं कोणी म्हणत असेल तर तिकीट काढू नका.

आईने लोणच्याच्या बरणीला चार कॅरीबॅगा गुंडाळून दिल्या असतील तर त्या घरीच सोडवा. ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे आणि कायद्यातला दंड लाखांत आहे. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या घ्या. स्वेटरही घ्या. आफ्रिका म्हणजे घामाच्या धारा अशी कल्पना करून आलेला माणूस जुलैत नैरोबीत कुडकुडतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा चांगलंच उंच. डासांची आणि मलेरियाची काळजी समुद्रकाठच्या मोंबासा किंवा सरोवराकाठच्या किसुमूला जाताना करा.

पायरी दुसरी: फोनमधला पैसा

विमानतळावरून बाहेर पडल्यावर पहिलं काम बँकेचं नाही, सिमचं. पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि त्याच बसल्या जागी एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सेवा, सुरू करून घ्या. ही सेवा मार्च २००७ मध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्याकडे यूपीआय यायच्या नऊ वर्षं आधी, आणि तीही साध्या बटणांच्या फोनवर. बँकेत खातं नसलेल्या माणसाने शहरातून गावी पैसे कसे पाठवायचे, हा प्रश्न तिने सोडवला. तोवर पैसे एसटीच्या ड्रायव्हरकडे पाकिटात देतात तसे बसवाल्यांच्या हाती जात.

वापरायला तीन गोष्टी समजल्या की झालं. माणसाला पाठवायचे ते 'सेंड मनी'. दुकानात द्यायचे ते 'टिल नंबर'वर. वीज, शाळा, भाडं अशी बिलं भरायची ती 'पेबिल'वर, तिथे खाते क्रमांकही टाकावा लागतो. रोख हवी असेल किंवा भरायची असेल तर कोपऱ्याकोपऱ्यावर हिरव्या पाटीचा एजंट असतो. यूपीआयची सवय असलेल्याला एक धक्का बसतो: इथे शंभर शिलिंगांच्या वरच्या पाठवणीला शुल्क पडतं. म्हणून लोक छोट्या छोट्या रकमा पुन्हा पुन्हा पाठवत नाहीत, एकदाच हिशेब करून पाठवतात.

पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. ते वाचा. मी पहिल्याच महिन्यात घाईत एक आकडा चुकवला आणि गॅसवाल्याचे तीन हजार कुणा भलत्याच्या फोनवर गेले. आलेला मेसेज ४५६ वर पाठवला की रक्कम उलटवण्याची विनंती जाते. त्या माणसाने तोवर पैसे काढले नव्हते म्हणून वाचले. याच्या उलटा प्रकारही चालतो. "चुकून तुम्हाला पैसे आले, परत पाठवा" असा फोन येतो, सोबत खोटा मेसेज. आधी शिल्लक तपासा, मग दया दाखवा.

आणि हो, पेसा म्हणजे आपला पैसाच. १९२० पर्यंत या भागात रुपयाच चलन होता, शिलिंग नंतरचा. भाषेत असे शब्द जागोजागी भेटतात: दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, रंगी, बिमा, सेरिकाली म्हणजे सरकार, लाकी म्हणजे लाख, आणि हबारी म्हणजे खबर. कोशिंबिरीला काचुंबारी. "हबारी याको?" म्हणून हात पुढे करा आणि मगच कामाचं बोला. दुकानात शिरल्याशिरल्या "हे कितीला?" विचारणारा माणूस इथे उद्धट ठरतो.

पायरी तिसरी: घड्याळ

स्वाहिलीत कोणी "सा तातू", म्हणजे तीन वाजता येतो म्हणाला, तर तो सकाळी नऊला येणार आहे. इथे तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्तावर सूर्य बारा महिने साडेसहाच्या आसपास उगवतो, त्यामुळे हे गणित कधी बिघडत नाही. सातला 'एक', आठला 'दोन'. आपल्या आजीच्या प्रहरांसारखंच. इंग्रजीत बोलताना मात्र तीच माणसं आपलं घड्याळ वापरतात. गोंधळ होतो तो नळवाला, सुतार, गाडीवाला यांच्याशी मोडक्या स्वाहिलीत वेळ ठरवताना.

पायरी चौथी: घर

शिलिंगाचा भाव साधारण ६५ ते ७० पैसे धरा. २०२४ च्या सुरुवातीला डॉलरला १६० शिलिंग मोजावे लागत होते. त्याच वर्षी तो १२९ च्या आसपास आला आणि तिथेच स्थिरावला. पगार डॉलरशी बांधलेला असेल तर हा फरक तुमच्या खिशातून जातो, करारात नीट बघून घ्या.

मराठी-गुजराती कुटुंबं बहुतेक पार्कलँड्स, वेस्टलँड्स, न्गारा या भागांत राहतात. घर बघताना खोल्या मोजण्याआधी चार प्रश्न विचारा. पाणी महापालिकेचं की बोअरचं, आणि आठवड्यात किती दिवस? वीज गेल्यावर जनरेटर लिफ्टपुरता की घरातही? सर्व्हिस चार्ज भाड्यात धरलाय का? वीज टोकनवर आहे का?

टोकन म्हणजे वीस आकड्यांचा क्रमांक. फोनवरून पैसे भरायचे, क्रमांक मेसेजने येतो, तो मीटरवर टाकायचा, तेवढे युनिट जमा. महिन्याला ३० युनिटच्या आत वापर असणाऱ्याला दर कमी, १०० च्या वर गेलात की चढा. नवख्या माणसाला वाटतं की गरीब देश म्हणजे डिझेलवरची वीज. खरं तर इथली जवळजवळ ९० टक्के वीज अक्षय स्रोतांतून येते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा नैवाशाजवळच्या ओल्कारियाच्या जमिनीतल्या वाफेचा आहे. वीज हिरवी आहे, पण स्वस्त नाही.

पाण्याची गोष्ट अधिक बोचरी. आमच्या इमारतीत नळाला पाणी येतं. किबेरासारख्या वस्तीत तेच पाणी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनने विकत घ्यावं लागतं, आणि लिटरमागे हिशेब केला तर झोपडीतला माणूस फ्लॅटवाल्यापेक्षा जास्त मोजतो. टंचाई आली की कॅनचा भाव चढतो. गरिबी महाग असते हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्याचा दर इथे कळला.

पायरी पाचवी: बाजार

सुपरमार्केटात नैवास, क्विकमार्ट, कॅरफूर आहेत आणि तिथे सगळं मिळतं. पण फक्त तिथेच गेलात तर खर्च दीडपट होईल आणि देश कळायचा राहून जाईल. भाजीसाठी 'मामा म्बोगा' गाठा. म्बोगा म्हणजे भाजी, आणि प्रत्येक गल्लीत अशी एक मामा असते. इथे मामा म्हणजे आई बरं का, आईचा भाऊ नव्हे. बायकांना आदराने मामा म्हणतात, आणि वयस्क पुरुषांना म्झे. माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा कोणी म्झे म्हणालं तेव्हा ते कुणाकडे बघावं हे न कळून मागे वळून पाहत होते.

मामाच्या टोपलीतली मुख्य भाजी सुकुमा विकी, कोबीच्या कुळातला जाड पाला. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. पगार होईपर्यंतचे दिवस ढकलणारी भाजी. तिच्यासोबत उगाली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. या पिठाचं, उंगाचं, दोन किलोचं पाकीट हा या देशाचा खरा महागाई निर्देशांक आहे. २०२२-२३ मध्ये पाऊस सलग हुकले आणि ते पाकीट २०० शिलिंगांच्या वर गेलं, तेव्हा निवडणुकीच्या सभांत उंगाशिवाय विषय नव्हता. आपल्याकडे कांद्याने सरकारं हलतात, तसं.

किमती बघताना पाकिटाचा आकारही बघा. इथे 'कादोगो' नावाची एक अख्खी अर्थव्यवस्था आहे. कादोगो म्हणजे चिमुकलं. तेल मापाने, साखर कागदाच्या पुडीत, साबणाची कापलेली वडी. रोज कमावणाऱ्याला रोजचंच परवडतं, मग किलोमागे ते कितीही महाग पडो. मोठ्या कंपन्यांनीही हे ओळखून पाकिटं लहान केली.

कपड्यांसाठी मितुंबा, म्हणजे परदेशातून गासड्यांनी येणारे वापरलेले कपडे. गिकोंबाच्या बाजारात सकाळी लवकर जा, सोबत कोणी ओळखीचं घ्या, आणि फोन आतल्या खिशात ठेवा. गासडी फोडल्यावर जो उत्तम माल निघतो त्याला इथले व्यापारी 'कॅमेरा' म्हणतात. ऑफिसात इस्त्रीचा ब्लेझर घालून येणारी मुलगी तो मितुंबातून घेते, आणि ते लपवतही नाही. कपड्यांवरून माणसाची मिळकत ओळखायची आपली सवय इथे सपशेल फसते. याच मितुंबाने देशी कापडगिरण्यांचं कंबरडं मोडायला हातभार लावला असं म्हणतात, आणि याच मितुंबावर लाखोंचं पोटही आहे. मी स्वतः तिथूनच दोन स्वेटर घेतले, त्यामुळे न्यायनिवाडा करत नाही.

मराठी स्वयंपाकघराची काळजी करू नका. पार्कलँड्सच्या सिटी पार्क बाजारात भेंडी, कारली, दुधी, मेथी सगळं मिळतं. इथे पिकणाऱ्या 'एशियन भाज्या' विलायतेलाही जातात. नाचणीला विंबी म्हणतात आणि ज्वारीला मतामा. दोन्ही पिकं मुळात आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेली. इथली उजी म्हणजे आपली आंबील म्हणा ना. परदेशात भाकरी मिळाली म्हणून हरखून जाऊ नका, ती माहेरीच आलेली असते.

पायरी सहावी: पगारपत्रक

तुमचं पगारपत्रक घेऊन बसा. आयकर १० टक्क्यांपासून सुरू होतो, पण महिन्याला ३२,३३३ शिलिंगांच्या पुढच्या रकमेवर लगेच ३० टक्के, आणि आठ लाखांच्या वर ३५. त्याशिवाय आरोग्य विम्याचे २.७५ टक्के एकूण पगारावर, घरबांधणी लेव्हीचे दीड टक्का, आणि एनएसएसएफ, म्हणजे आपला भविष्य निर्वाह निधी. आरोग्याची जुनी एनएचआयएफ योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद होऊन नवी आली. कंपनीचा खासगी विमा असेल तरी ही कपात होतेच. केआरए पिन हा इथला पॅन, तो नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.

आता हा आकडा बघा. केनियात काम करणाऱ्या दर सहा जणांपैकी पाच असंघटित क्षेत्रात आहेत. म्हणजे दर महिन्याला पगारपत्रक हाती पडणारा माणूस आधीच अल्पसंख्य, आणि करवसुलीचं सगळं ओझं त्याच्याच खांद्यावर. उरलेल्यांच्या जगाला 'जुआ काली' म्हणतात, कडक ऊन. उघड्यावर बसून पत्र्याच्या पेट्या, शेगड्या, फाटकं बनवणाऱ्या कारागिरांवरून हा शब्द आला आणि आता अख्ख्या असंघटित क्षेत्राला लागला. बोडाबोडावाला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, हा त्यांतला नवा आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा भाऊ.

नोकरदारही एका पगारावर राहत नाहीत. आमच्या ऑफिसातली रिसेप्शनिस्ट शनिवारी केक विकते, ड्रायव्हरची एक बोडाबोडा दुसऱ्याकडे भाड्याने आहे, आणि एका सहकाऱ्याने गावी अडीचशे कोंबड्या पाळल्या आहेत. "तुझं काम काय?" हा प्रश्न इथे अपुरा पडतो. "आणि अजून काय करतेस?" असं विचारा, मग चेहरा खुलतो.

पायरी सातवी: अस्कारीचा हिशेब

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा थांबते.

नोव्हेंबर २०२४ पासून नैरोबीतलं सर्वसाधारण मजुराचं किमान वेतन महिन्याला १६ हजार शिलिंगांच्या थोडं वर आहे. आमच्या अस्कारीला अठरा मिळतात. तो पश्चिमेकडचा, काकामेगाच्या बाजूचा. कांगेमीत पत्र्याच्या एका खोलीत राहतो, भाडं साडेचार हजार. कामावर चालत येतो, कारण मटाटू, म्हणजे खासगी मिनीबस, पाऊस पडला की भाडं वाढवते आणि त्याचं बजेट पावसाने वाढत नाही. उंगा, सुकुमा, चहा-साखर, टोकन, फोनचं रिचार्ज. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला, स्वतःचं काही घ्यायच्या आधी, चार हजार एम-पेसाने गावी.

एवढं ऐकलं की आपण "बिचारा" म्हणून मोकळे होतो. मीही झाले होते. मग एका डिसेंबरात त्याने फोनवर फोटो दाखवले: पाऊण एकर शांबा, म्हणजे शेत, दोन गाई, विटांचं अर्धवट घर. दरवर्षी चार-पाच ओळी विटा चढतात. शहरात तो एका खोलीचा भाडेकरू आहे आणि गावात घरधनी. त्याचं राहणीमान कांगेमीच्या खोलीत मोजलं तर चुकतं, आणि नुसतं गावच्या घरात मोजलं तरी चुकतंच. कुटुंब दोन ठिकाणी पसरलेलं आहे आणि मधला पूल फोनचा आहे.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. गिरणगावात एका खोलीत दहा जण राहून गावी मनीऑर्डर करणारा चाकरमानी आठवा. तो गणपतीला जायचा, हे ख्रिसमसला जातात. गावाला इथे 'ऊशागो' म्हणतात, पोरं 'शॅग्स' म्हणतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नैरोबी रिकामी होते, बसचं भाडं दुप्पट होतं, आणि गावी सणाचं जेवण म्हणून चपाती लाटतात. हो, चपाती. आपली रोजची पोळी ही इथे सणासुदीची चैन होती.

मग येतो जानेवारी. सण उरकलेला, पगार ख्रिसमसआधीच झालेला, आणि शाळा उघडतात. २००३ पासून सरकारी प्राथमिक शिक्षणाला फी नाही, पण गणवेश, पुस्तकं, आणि माध्यमिकच्या निवासी शाळांची फी आहेच. न्जा म्हणजे भूक, म्हणून लोकांनी या महिन्याचं नाव 'न्जान्युअरी' ठेवलंय. उसने मागायला लोक याच महिन्यात येतात. द्यायचे तर परत येणार नाहीत असं समजून, झेपतील तेवढेच द्या. नाही म्हणायचं तर हसून म्हणा. शेरेबाजी करू नका, "तुम्ही लोक बचत करत नाही" हे वाक्य तर अजिबात नको.

कारण बचत चालते, फक्त आपल्याला दिसत नाही. 'चामा' म्हणजे हुबेहूब आपली भिशी. दहा-पंधरा बायका, दर महिन्याला ठरलेली रक्कम, पाळीपाळीने एकीला. कित्येक चामांनी पुढे जमिनी घेतल्या, इमारती बांधल्या. त्याच्या वरची पायरी सॅको, म्हणजे पतसंस्था. शिक्षकांची म्वालिमू सॅको तर नावाजलेली. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे जग दोन दिवसांत ओळखीचं वाटेल, त्यातल्या भानगडींसकट. आजारपण किंवा मयत झाली की व्हॉट्सॲपवर गट निघतो आणि वर्गणी सुरू होते, तिला हरांबे म्हणतात. ऑफिसातल्या गटात तुमचंही नाव येईल. पाचशे-हजार द्या. यादीत नाव दिसणं ही इथली उपस्थिती आहे.

घरकामाला माणूस ठेवणार असाल तर किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि एनएसएसएफ पहिल्या दिवशी कागदावर घ्या. फक्त धुण्यासाठी 'मामा फुआ' येते, दिवसाचे साधारण पाचशे ते हजार घेते. मुहिंदी, म्हणजे भारतीय, मालकांबद्दल इथे जी कुजबुज आहे ती बरीचशी आपणच कमावलेली आहे: आवाज चढवणं, चहाचा कप वेगळा ठेवणं. असलं घरून आणू नका.

पायरी आठवी: पैसा देशात येतो कुठून

हे थोडक्यात. काळ्या चहाच्या निर्यातीत केनिया जगात पहिला. तो मोठ्या मळ्यांचा असेल असं वाटतं, पण मोठा वाटा छोट्या शेतकऱ्यांचा आहे. ते पानं खुडून केटीडीएच्या, म्हणजे छोट्या चहा-शेतकऱ्यांच्या संस्थेच्या, कारखान्याला घालतात, दर महिन्याला थोडे पैसे आणि वर्षाअखेर 'बोनस' घेतात. उसाचा पहिला हप्ता आणि अंतिम भाव डोळ्यांसमोर आणा. बोनस कमी आला की तिथेही आंदोलन होतं. लिलाव मोंबासात होतो. नैवाशाच्या हरितगृहांतले गुलाब विमानाने युरोपात जातात. पर्यटन आहेच. पण या प्रत्येकापेक्षा मोठी रक्कम परदेशी गेलेले केनियन घरी पाठवतात: २०२४ मध्ये जवळपास ४.९ अब्ज डॉलर. म्हणजे अस्कारीचाच हिशेब, फक्त खोली कांगेमीऐवजी अमेरिकेत.

दरडोई उत्पन्न सुमारे दोन हजार डॉलर, भारतापेक्षा थोडं कमी. २०१४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचं आधारवर्ष बदललं, अर्थव्यवस्था कागदावर २५ टक्क्यांनी फुगली आणि देश एका दिवसात 'निम्न-मध्यम उत्पन्न' गटात गेला. मामा म्बोगाला त्या दिवशी काही वेगळं जाणवलं नसावं. सरासरीच्या आत नैरोबी आहे आणि उत्तरेचं कोरडं तुर्काना पण आहे. देशाचा जवळपास ८० टक्के भूभाग रखरखीत किंवा निमरखरखीत, आणि तिथला पैसा म्हणजे गुरं.

पायरी नववी: सरकार, कर्ज आणि 'चहा'

मोंबासाला रेल्वेने जा. २०१७ मध्ये सुरू झालेला हा नवा रेल्वेमार्ग चिनी कर्जातून बांधला. शेजारी अधूनमधून जुना मीटरगेज मार्ग दिसतो, १८९६ ते १९०१ दरम्यान बांधलेला. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, तीस हजारांवर मजूर आणले होते आणि सुमारे अडीच हजार मेले. कारकुनीला गोव्याची माणसं आली. त्यांच्यातलाच, नैरोबीत जन्मलेला पिओ गामा पिंटो स्वातंत्र्यानंतर खासदार झाला, समाजवादाची बाजू मांडत राहिला, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्याला घराच्या दारात गोळ्या घातल्या. २०१७ मध्ये सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. आपण इथे पाहुणे असलो तरी पहिले नाही, एवढं माहीत असू द्या.

कर्जाचं व्याज हा आजचा मुख्य विषय आहे. सरकारी महसुलाच्या दर तीन शिलिंगांपैकी जवळपास एक व्याजात जातो. त्यासाठी कर वाढवायला गेले आणि २०२४ च्या वित्त विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात पावावर १६ टक्के व्हॅट आला. जूनमध्ये विशी-बाविशीची पोरं रस्त्यावर उतरली, २५ तारखेला संसदेत घुसली, गोळीबारात माणसं गेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. मोर्चाच्या दिवशी घरी बसा, बातम्या बघा, आणि ऑफिसच्या गटात मत मांडू नका. दर महिन्याच्या १४ तारखेला पेट्रोलचे नवे भाव जाहीर होतात, त्या संध्याकाळी टॅक्सीवाल्याचं ऐका. अग्रलेखापेक्षा बरं असतं.

रस्त्यावर कोणी गणवेशातला माणूस गाडी थांबवून "चाई?" विचारेल. तो चहाचं आमंत्रण देत नाहीये. आपलं चहापाणी आणि त्यांची चाई एकच. कागद पूर्ण ठेवा, हसून पावती मागा, घाई नाही असं दाखवा. माझ्या अनुभवात दहा मिनिटांत कंटाळून सोडतात.

शेवटची पायरी: सुट्टीला घरी जाताना

लस घेतलेलं ते कार्ड सामानात न टाकता हँडबॅगेत ठेवा. फोनमधलं एम-पेसा रिकामं करू नका, परत आल्यावर विमानतळावरून टॅक्सीला तेच लागणार आहे. केरिचोची चहापूड दोन किलो न्या. दाणेदार सीटीसीच आहे, आपल्या आलं-दूध-साखरेला झकास उतरते. आणि निघण्याआधी अस्कारीला विचारा, विटांच्या किती ओळी झाल्या. मागच्या वेळी आमचा म्हणाला, यंदा एकच. धाकटीची फी भरली.